फक्कीचं रिंगण

माझ्या फोनमध्ये माझीच श्रद्धांजली आहे. चारी बाजूंनी झेंडूची चौकट, खाली दोन समया, मधोमध माझा फोटो. फोटोत मी हेल्मेट काखेत धरून एका रेन ट्रीखाली उभी आहे आणि हातातला कागद वाचते आहे. खाली लिहिलंय, ‘कै. कु. ईशा मॅडम. वर न बघता चालल्यामुळे यांचे अकस्मात निधन झाले. शोकाकुल: समस्त छाटणी परिवार.’ ‘कै.’ म्हणजे काय हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आमच्या इंग्रजी शाळेत त्याची गरज पडली नव्हती. संध्याकाळी आईला विचारलं तेव्हा कळलं, की मी सकाळी साडेदहालाच वारले होते.

ही श्रद्धांजली शेवाळे मामांनी केली होती. मामा आमचे मुकादम. नाशिकमधल्या सोसायट्या, शाळा, कारखान्यांची आवारं इथल्या झाडांच्या धोकादायक फांद्या छाटायची कामं आमची लहानशी कंपनी घेते. मी शेतकी पदवी घेऊन तिथे लागले. महापालिकेची परवानगी आणायची, जागेवर हजर राहायचं, नोंदवही भरायची, एवढं माझं काम. बोलायचं काम फारसं नव्हतं, म्हणून मला ते आवडलं होतं. मग मामा भेटले.

मामा सटाण्याकडचे. पन्नाशी उलटलेली, अंग काटकुळं, गळ्यात कायम ओला रुमाल. दर अर्ध्या तासाला गॉगल काढून त्या रुमालानं पुसायचे आणि पुसताना समोरच्या माणसाकडे असं बघायचे, की त्याला आपलीच काच मळली आहे असं वाटावं. मला ते ‘इंग्लिश मॅडम’ म्हणत. शब्दात अपमान नव्हता, तो ‘मॅडम’नंतरच्या थांबण्यात होता.

आमचं मुख्य यंत्र म्हणजे पोल सॉ. लांब दांडा, टोकाला हातभर साखळीची करवत, मागच्या टोकाला पेट्रोलचं इंजिन. खांद्यावर पट्टा अडकवून माणूस जमिनीवर उभा राहतो आणि वीस फुटांवरची फांदी कापतो. शिडी नको, झाडावर चढायला नको. पोरं त्याला ‘बगळा’ म्हणत. बगळा चालवणारा तो ऑपरेटर. बाकीचे दोर धरणार, फांद्या ओढणार, पाला भरणार. प्रत्येकाला बगळा हवा असे. तो कुणाला द्यायचा हे मामा ठरवत. मालकांनी नोंदवहीत त्यासाठी एक रकाना आखला होता आणि त्यात मामांची सही असल्याशिवाय कुणी इंजिनच्या दोरीला हात लावायचा नाही, असा नियम होता.

कामाआधी मामा झाडाभोवती फक्कीनं रिंगण आखत. शाळेच्या मैदानावर कबड्डीच्या रेषा ओढतात तीच पांढरी फक्की. एक बादली त्यांच्या हातात असायची, आणि दुसऱ्या बादलीत पोरांचे फोन. रिंगणात फक्त ऑपरेटर. तोही फांदीच्या खाली नाही, बाजूला, दांडा तिरका धरून, मागे सरकायची वाट आधी बघून ठेवून. करवत चालू असताना बाकी कुणी रेषा ओलांडली तर मामा इंजिन बंद करायला लावत, खिशातून स्वतःचा फोन काढत, त्या माणसाचा फोटो घेत, आणि दहा मिनिटांत तो माणूस आमच्या कामाच्या ग्रुपवर झेंडूच्या चौकटीत जाऊन बसे. मी परवानगीचा कागद दाखवायला रिंगणात गेले होते. गुन्हा तेवढाच. डब्याच्या सुट्टीत फोन हाती आल्यावर सगळ्यांनी हसण्याची चिन्हं टाकली. मी वॉचमनच्या केबिनमध्ये जाऊन रडले आणि मग नोंदवही भरली.

नव्या माणसाला शिकवायची त्यांची पद्धत वेगळी होती. ते येताना एक जुना माठ आणत. नव्या माणसाला विचारत, “कुठं उभा राहशील? दाखव.” तो बिचारा कुठेतरी उभा राही, बहुतेक वेळा फांदीच्या बरोबर खाली, कारण तिथूनच ती नीट दिसते. मामा त्याची टोपी काढून घेत, त्याच जागी माठ ठेवत, माठावर टोपी घालत आणि फांदी कापत. आधी खालून थोडा काप, मग वरून, म्हणजे साल सोलत जात नाही. फांदी सरळ माठावर येई. मग मामा खापरांतून टोपी उचलत, झटकत आणि त्याच्या डोक्यावर ठेवत.

“घरी घेऊन जा. बायकोला सांग, आज एवढीच आली.”

कळवणहून आलेला एक पोरगा तिसऱ्या दिवशी निघून गेला. मामांनी त्याची रिकामी पिशवी आठवडाभर टेम्पोला लटकवून ठेवली. कुणी विचारलं की म्हणत, “जिता गेला. आपलं काम झालं.”

आणखी एक खेळ होता. करवत चालू असताना मामा मध्येच छाती धरून खाली पडत. झाडापलीकडे, जिथे पोचायला रिंगण ओलांडावं लागेल अशा जागी. नवा माणूस धावत सुटे. मामा पडल्यापडल्याच त्याचा फोटो काढत. “मी मेलो तर एकच मेला. तू धावलास तर दोन. आधी मशीन बंद, मग वर बघायचं, मग पाय उचलायचा.” दोन-तीनदा हे झाल्यावर मामा पडले तरी कुणी हलत नसे. पोरं उभ्याउभ्या तंबाखू मळत. मामांना ते पाहून समाधान वाटे. त्यांचं समाधान ओळखायला मला वेळ लागला. ते गॉगल पुसायचं विसरत.

ते असे का, याचं कारण मी बरेच दिवस शोधलं. कुणी म्हणे त्यांचा भाऊ झाडाखाली मेला. कुणी म्हणे भाऊ नव्हे, साडू. एकदा धीर करून मी त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, “माझं कोनीच मेलं नाय, मॅडम. तुम्हाला ष्टोरी पाहिजे असंल तर करतो एखादी.” मग मी शोधणं सोडलं.

सगळ्यात जास्त छळ सोमनाथचा झाला. सोमनाथ पेठकडच्या एका पाड्यावरचा, दोराचं काम करणारा, हलका, चपळ, कमी बोलणारा. कमी बोलत असल्यामुळे मला तो बरा वाटे. दोन वर्षं तो बगळा मागत होता आणि दोन वर्षं मामा त्याला टाळत होते. “तुझा हात चांगला शे. डोकं कोठे शे ते सापडनं की सांग.” चिडले की मामांच्या तोंडी अहिराणी येई. सोमनाथ मान खाली घालून दोर गुंडाळत राही. दोर तो फार सुंदर गुंडाळायचा, सगळी वेटोळी एकाच मापाची.

एकदा सातपूरला कारखान्याच्या आवारात पडलेली फांदी ओढायला तो घाईत रेषेच्या आत गेला. करवत चालू होती. मामांनी त्याची श्रद्धांजली टाकली. चौकटीत हसरा सोमनाथ, खाली ‘झाडाखाली दबून दुःखद निधन’. मला ती विशेष वाईट वाटली नाही. खरं सांगायचं तर मी हसण्याचं चिन्ह टाकलं. माझं झालं होतं, आता त्याचं झालं, असं काहीतरी मनात असावं.

त्या ग्रुपवर सोमनाथचा एक चुलतभाऊ होता. तो अजून कामावर यायचा होता, ग्रुपवर त्याला आदल्याच दिवशी घेतलं होतं, आणि त्याला मामांची ही पद्धत माहीत नव्हती. त्यानं ते चित्र गावाकडे पाठवलं. सोमनाथची बायको सुनीता तेव्हा पाड्यावर होती. तिनं फोन लावले. सोमनाथचा फोन बादलीत वाजत राहिला. मामांचा नियम होता, सुट्टी होईपर्यंत बादलीला हात नाही. दुपारी डबे उघडले तेव्हा सोमनाथनं फोन घेतला. बावन्न मिस्ड कॉल. त्यानं परत लावला. उचलणारी बाई त्याचा आवाज ऐकून किंचाळली. तोवर शेजारच्या बायकांनी सुनीताच्या बांगड्या फोडल्या होत्या.

सोमनाथ डबा तसाच ठेवून उठला आणि मामांसमोर जाऊन उभा राहिला. मला वाटलं, आता मारणार.

“मामा, तिच्या हातात काच गेली.”

मामा भाकरी खात होते. त्यांनी घास संपवला. “बांगड्या पुन्हा भरता येतात. डोकं भरता येतं का? आता रोज सकाळी इचारील तुला, वर बघशील ना म्हणून. मी दोन वर्षं इचारतोय, माझं ऐकलं का?”

सोमनाथ एसटी पकडायला गेला. चौथ्या दिवशी कामावर आला. त्यानंतर तो कधीही रेषेच्या आत गेला नाही. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. मामांचं चुकलं असं मी आजही म्हणते, पण त्या दिवसानंतर सोमनाथ इतक्या नीट काम करू लागला, की मालकसुद्धा थांबून बघत. तो आधी वर बघायचा, मग तारा, मग पळायची वाट, मग माणसं. फांदीला हात लावण्याआधी त्याची मान चार वेळा फिरायची.

मालकांनी श्रद्धांजल्या बंद करायला सांगितल्या. मामांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी तऱ्हा काढली. ज्याची चूक होईल त्याला ते जमिनीवर आडवं व्हायला लावत आणि त्याच्या अंगाभोवती फक्कीची रेघ ओढत. तो उठला की खाली पांढरी माणसाची आकृती उरे, पोलीस पंचनाम्यात असते तशी. “फोटो नाय, काय नाय. मालकाचं ऐकलं मी,” ते म्हणत. सोसायटीतली मुलं संध्याकाळी त्या आकृत्यांवर झोपून माप घेत.

मे महिन्यात एकदाची मामांनी सोमनाथची परीक्षा ठेवली. गंगापूर रोडच्या एका बंगल्यापुढे जुना गुलमोहर होता, त्याच्या सहा फांद्या काढायच्या होत्या. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, कधी मोडेल सांगता येत नाही. मामांनी मुद्दाम तेच झाड निवडलं होतं. मी नोंदवही घेऊन फाटकाशी उभी होते. सोमनाथनं नवा शर्ट घातला होता. त्यावर पट्टा चढवताना तो जरा लाजला. एवढ्या दोन वर्षांत मी त्याला लाजताना पहिल्यांदा पाहिलं.

“नवरदेव आला,” मामा म्हणाले. “आडवा हो.”

“चूक कुठं केली, मामा?”

“करशील ना. आधीच माप घेऊन ठेवू. धावपळ नको.”

पोरं हसली. सोमनाथ नव्या शर्टानं रस्त्यावर आडवा झाला. मामांनी सावकाश, दुहेरी रेघेनं त्याची आकृती काढली. डोकं, पसरलेले हात, बोटंसुद्धा. डोक्याभोवती हारही काढला. सोमनाथ उठला तेव्हा त्याच्या पाठीवर धूळ होती आणि मामांची बादली खडखडीत रिकामी होती. झाडाभोवतीचं रिंगण आधीच आखून झालेलं असल्यामुळे कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

पाच फांद्या त्यानं उत्तम काढल्या. टोकाकडून तुकडे करत, प्रत्येक तुकड्याआधी खालून काप, दांडा तिरका, पाय बाजूला. मामा रेषेबाहेर उभे राहून टोमणे मारत होते. “सुनीताताईंना फोन लावू का रे? आत्ताच सांगून ठेवू?” सोमनाथची नजर वरच होती.

सहावी फांदी उंच होती. दांड्याला जोड लावावा लागला. जोड लावला की रिंगण वाढवायचं, हा मामांचाच नियम. फांदी जितकी वरून येते तितकी ती लांब उडू शकते. ते हा नियम प्रत्येक नव्या माणसाकडून दहा वेळा म्हणून घेत. त्या दिवशी त्यांनी बादलीत बघितलं, बादली पालथी केली, आणि खाली टाकली.

“चालू दे,” ते म्हणाले.

सोमनाथ क्षणभर थांबला. मग त्यानं इंजिन चालू केलं.

फांदी सुटली ती सरळ खाली आली नाही. तिचा बुंधा खालच्या बेचक्यावर आपटला आणि ती कोलांटी घेऊन बाहेर उडाली. मामा रेषेबाहेर होते. पाठ अर्धवट वळवून बंगल्याच्या गड्याला काहीतरी सांगत होते. ती त्यांच्या उजव्या खांद्यावर बसली आणि त्यांना घेऊनच जमिनीवर आली, हात तिच्याखाली दबला.

कुणी हललं नाही. मीसुद्धा नाही. मामा पडले होते, आणि मामा पडले की हलायचं नसतं. कोपऱ्यातल्या एकानं तर तंबाखूची पुडी काढली.

मग मामा ओरडले. तो आवाज त्यांच्या खेळातला नव्हता. “सोम्या! ये ना रे! हात गेला माझा!”

सोमनाथनं इंजिन बंद केलं. पट्टा काढला. दांडा जमिनीवर ठेवला, करवतीवर म्यान चढवलं. मग मान वर करून उभा राहिला.

“सोम्या!”

“वर बघतोय, मामा,” सोमनाथ म्हणाला.

वर खरोखरच एक तुटकी फांदी अडकून लोंबत होती, मामांच्या बरोबर डोक्यावर. सोमनाथनं शांतपणे दोर टाकला, दुसऱ्या फेकीला तो अडकला, त्यानं ती फांदी पलीकडच्या बाजूला ओढून पाडली. पुन्हा वर पाहिलं. तारांकडे पाहिलं. मग त्यानं दोर गुंडाळला. सगळी वेटोळी एका मापाची. मामा खाली कण्हत होते. दोराची गाठ मारून त्यानं तो बाजूला ठेवला आणि मग म्हणाला, “चला, उचला.”

नोंदवहीत मी लिहिलं, ‘नियमानुसार यंत्र बंद करून, वरची धोकादायक फांदी काढून, मग जखमीस बाहेर काढले.’ प्रत्येक शब्द खरा होता. दोर गुंडाळायची गरज नव्हती, हे मी लिहिलं नाही.

मामांचा हात राहिला, पण कोपराखाली जीव नाही. दीड महिन्यानं मालकांनी मला त्यांच्या सिडकोतल्या घरी पाठवलं. सोमनाथच्या नावापुढचा रकाना रिकामा होता आणि कामं अडली होती. मामा पहिल्या मजल्यावर गॅलरीत बसले होते. गळ्यात ओला रुमाल, उजवा हात झोळीत. त्यांच्या बायकोनं चहा आणला. मामांनी तो डाव्या हातानं बशीत ओतला, निम्मा मांडीवर सांडला, आणि ती पुसायला पुढे झाली तेव्हा तिच्याकडे असं पाहिलं, की ती आत निघून गेली.

“दोर गुंडाळत बसला ना तो?” मामा म्हणाले.

मी पिशवीतून नोंदवही काढली.

“पडल्यापडल्या बघत होतो मी. तुम्ही लिहिलं का?”

“नाही.”

“बरं केलं. दोराचं मी धरत नाय. दोर मीच दिला त्याच्या हातात.” त्यांनी नोंदवही पुढे ओढली. डाव्या हातात पेन धरलं. मला बरं वाटलं. मला वाटलं, दीड महिन्यात या माणसाचं काहीतरी हललं असेल. फार वेळ लागला लिहायला. वही परत आली तेव्हा रकान्यात पहिलीच्या मुलासारख्या वाकड्या अक्षरांत एकच शब्द होता. नापास.

“मामा, त्यानं पाच फांद्या...”

“जोड लावला आन् रिंगण नाय वाढवलं. मशीन कोनाच्या हातात होतं?”

“तुम्हीच म्हणालात, चालू दे.”

“मी कोन? ऑपरेटरनं नाय म्हनायचं. मालक म्हनला तरी नाय. मामा म्हनला तरी नाय. नाय म्हनता येत नाय त्याच्या हातात बगळा द्यायचा का?” ते थोडं हसले. “तुमच्या तरी देईन का मी? तुम्हाला पन नाय म्हनता येत नाय.”

मी वही पिशवीत घातली.

“सांगा त्याला, पावसाळा झाला की पुन्हा घेतो परीक्षा. खुर्ची टाकून बसतो. फक्कीच्या दोन बादल्या आनायला लावा. आन् जाता जाता माझा एक फोटो काढा. झोळी दिसली पाहिजे.”

त्यांच्याच फोनवर मी फोटो काढला आणि जिना उतरले. खाली चप्पल घालेपर्यंत माझा फोन वाजला. ग्रुपवर झेंडूची चौकट होती, दोन समया होत्या, मध्ये झोळीतल्या हाताचे मामा. अंगठ्यानं टाइप केलेलं, चुकांनी भरलेलं. ‘कै. मुरलीधर शेवाळे. रिंगन न वाढवल्यामुळे. चूक स्वताची.’

पहिलं हसण्याचं चिन्ह सोमनाथचं आलं. लगेच, जणू तो फोन हातात धरूनच बसला होता. मग एकामागून एक बाकीच्यांची आली.

मी वर पाहिलं. मामा गॅलरीच्या कठड्याला टेकून उभे होते, डाव्या हातातल्या फोनवर कुणाकुणाची चिन्हं आली ते बघत. मग त्यांनी मान बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं. माझं आलं नव्हतं. माझा अंगठा पडद्यावर होता आणि काय दाबावं ते मला कळत नव्हतं. त्यांची नजर माझ्यावरून सरकून जरा वर गेली आणि तिथेच थांबली.

मीही तिकडे पाहिलं. सोसायटीच्या नारळाची वाळलेली झावळी बरोबर माझ्या डोक्यावर लोंबत होती. मी तीन पावलं मागे सरकले.

तेव्हा कुठे ते आत गेले.